वाड्यातील कचरा संकलन : प्रकल्प नोंदी (फेब्रुवारी ते मे २०२४)

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

नाशिकच्या तिवंधा चौकाजवळच्या एका बोळात आमचा वाडा आहे. त्यात आम्हा तीन भाऊबंदांची आणि दोन भाडेकरूंची मिळून पाच बिऱ्हाडे राहतात, माणसे सतरा. बोळ इतका अरुंद आहे की समोरून दुचाकी आली तर पायी चालणाऱ्याला कोणाच्या तरी ओट्यावर चढून उभे राहावे लागते. साहजिकच घंटागाडी आत येत नाही, चौकात थांबते, आणि वाड्याच्या दिंडीपासून, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारापासून, चौकापर्यंतचे अंतर माझ्या मोजणीने ९५ पावले भरते. गाडी चुकली की त्या दिवसाचा कचरा पिशवीत बांधून दिंडीच्या कडीला अडकवायचा, अशी पद्धत वाड्यात कधी पडली ते कोणालाच आठवत नाही. रात्री मांजरे आणि पहाटे मोकाट गाई त्या पिशव्यांचा समाचार घेतात. आज सकाळी मोसंबीच्या साली, चहाचा चोथा आणि तात्यांच्या औषधांची रिकामी वेष्टने शेजारच्या ओट्यापर्यंत पसरली होती. शेजारच्या आजींनी काही न बोलता खराटा घेऊन आपला ओटा झाडला, आणि त्यांचे ते न बोलणेच सर्वांना जास्त लागले.

दुपारच्या जेवणानंतर वाड्याच्या आतल्या चौकात सगळे बसलो. सर्वांची पहिली सूचना डबे आणण्याची होती. दोन वर्षांपूर्वी असेच हिरवे आणि निळे डबे आणले होते, याची मी आठवण करून दिली. निळ्या डब्यात सध्या मोठ्या काकूंचे गहू आहेत आणि हिरवा मोरीजवळ पाणी साठवण्यासाठी वापरला जातो. डब्यांचा उपयोग झाला नाही असे म्हणता येणार नाही, परंतु कचरा होता तिथेच राहिला. मी अंबडच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो, त्यामुळे मोजल्याशिवाय दुरुस्तीला हात घालायचा नाही ही माझी सवय आहे. पहिला आठवडाभर काहीही विकत न घेता फक्त वजने आणि वेळा नोंदवायच्या, असे ठरले. या आठवड्यात माझी दुसरी पाळी असल्याने सकाळी मी घरी आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

सात दिवसांची मोजणी पूर्ण झाली. स्प्रिंगच्या काट्यावर केलेल्या वजनांनुसार पाच बिऱ्हाडांचा मिळून ओला कचरा ३०.५ किलो, सुका ९.२ किलो आणि या दोन्हींत न बसणारा १.८ किलो भरला. एकूण ४१.५ किलो, म्हणजे माणशी दिवसाला सुमारे ३५० ग्रॅम. जवळजवळ तीन चतुर्थांश वजन ओल्या कचऱ्याचे आहे, आणि वास, गाई, माशा या सगळ्या तक्रारींचे मूळही त्यातच आहे. सुका कचरा आकाराने डोळ्यांत भरतो म्हणून आपण त्यालाच कचरा समजतो. काट्याला मात्र तो फारसा जाणवत नाही.

वजनांपेक्षा वेळांची नोंद अधिक बोलकी निघाली. गाडी सातही दिवस आली. सर्वांत लवकर ७ वाजून ३८ मिनिटांनी, सर्वांत उशिरा ८ वाजून १६ मिनिटांनी, आणि चौकात थांबली ती दर वेळी तीन ते पाच मिनिटे. पाच बिऱ्हाडे आणि सात दिवस मिळून कचरा पोहोचवण्याच्या ३५ संधी होत्या, त्यांपैकी १६ वेळा कचरा गाडीपर्यंत पोहोचला. चुकलेल्या १९ वेळांची कारणे मी त्याच दिवशी विचारून लिहून ठेवली होती. ११ वेळा गाडी आल्याचे ऐकूच आले नाही. ५ वेळा ऐकू आले, पण घरात अंघोळ, पूजा किंवा मुलांचा शाळेचा डबा चालू होता. आणि ३ वेळा माणूस बोळाच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत गाडी निघून गेली.

नाशिकने १९९० च्या दशकात कचराकुंड्यांऐवजी घंटागाडी दारोदार फिरवायला सुरुवात केली आणि पुढे इतर अनेक शहरांनी ती पद्धत उचलली. या योजनेचे सगळे मर्म तिच्या नावातच आहे, कारण घंटा ऐकू आली तरच गाडीचा उपयोग. आता घंटेच्या जागी ध्वनिक्षेपकावरचे गाणे वाजते, तरी दोन हात जाडीच्या भिंती आणि मधले दोन चौक ओलांडून ते आमच्या मागच्या सोप्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा पहिली दुरुस्ती डब्यांची नसून आवाजाची आहे, अशी नोंद करून ठेवतो.

१४ फेब्रुवारी, बुधवार

माळ्यावरच्या पेटीत आजोबांच्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा सापडली. ती मधल्या चौकात तुळईला टांगली आणि तिची सुतळी पुढच्या माडीवरच्या खिडकीपर्यंत ओढून नेली. त्या खोलीत राहणारे आमचे भाडेकरू निवृत्त शिक्षक आहेत आणि सकाळी सात ते नऊ खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसतात. गाडी आमच्या चौकाच्या आधीच्या वळणावर थांबते, तेव्हाच तिचे गाणे त्यांना ऐकू येते. त्यांनी सुतळी ओढली की वाड्याला सुमारे सहा मिनिटे आधी वर्दी मिळते. “गुरुजी, रोज जमेल ना?” असे विचारल्यावर ते म्हणाले, “छत्तीस वर्षे शाळेची घंटा ऐकून उठलो-बसलो. आता एकदा मला वाजवू द्या.” खर्च : सुतळीचे ३० रुपये.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

गाडीबरोबर येणाऱ्या सफाई कामगार ताईंशी आणि मुकादमांशी चौकात बोलणे झाले. आमच्याकडून काय हवे, असे मी विचारले. एक-दोन सूचना मिळतील असे वाटले होते, पण ताईंनी उभ्या-उभ्या सगळा कामाचा आराखडाच सांगितला. पिशव्यांना गाठ मारू नये, कारण ती सोडवण्यात वेळ जातो आणि फाडली तर पातळ रस्सा हातावर येतो. ओले डब्यातच आणावे, म्हणजे गाडीच्या ओल्या कप्प्यात थेट उपडे करता येते. सुके पोत्यात भरले तरी चालते, पण ते कोरडे असावे, कारण भिजलेला पुठ्ठा आणि भाजी लागलेला कागद पुढे कोणाच्याच कामाचा राहत नाही. पाच घरांची पाच माणसे धावत येण्यापेक्षा एकच माणूस सगळे घेऊन आला तर गाडी लवकर सुटते, हेही त्यांनीच सुचवले. या शेवटच्या सूचनेने आमच्या व्यवस्थेचा नकाशाच बदलला. मी आतापर्यंत पाच बिऱ्हाडांच्या पाच फेऱ्यांचा हिशेब धरून बसलो होतो.

गाडीतला कचरा पाथर्डी शिवारातील महापालिकेच्या खत प्रकल्पावर जातो. तिथे ओल्यात प्लास्टिक मिसळून आले की खताची प्रत घसरते. वर्गीकरण घरातच का करायचे, यावर वाड्यात पुन्हा चर्चा होऊ नये म्हणून हे इथे लिहून ठेवले.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज साहित्य आणले. प्रत्येक बिऱ्हाडाला झाकणाचा एक छोटा डबा, दिंडीच्या आत ओल्यासाठी कडीची मोठी बादली, सुक्यासाठी दोन गोण्या आणि हे सगळे ओढून नेण्यासाठी जुन्या सिलिंडरच्या ट्रॉलीची दोन चाके. मोठी बादली मुद्दाम २० लिटरचीच घेतली. याहून मोठी भरली तर ती उचलून गाडीत उपडी करणे एका माणसाला जमत नाही, आणि ताईंनी ती उचलावी ही अपेक्षा बरोबर नाही.

२०२४ मध्ये लागू असलेल्या, ८ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत घरानेच कचरा तीन प्रकारांत वेगळा करायचा आहे : विघटनशील, अविघटनशील आणि घरगुती घातक. सॅनिटरी पॅड व डायपर नीट गुंडाळून सुक्याच्या डब्यात ठेवायचे, बागेचा पालापाचोळा आणि बांधकामाचा राडारोडा वेगळा ठेवायचा, आणि कचरा रस्त्यावर, गटारात किंवा पाण्यात टाकायचा, जाळायचा किंवा पुरायचा नाही, हेही त्यातच आहे. दिवसाला सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांवर याहून अधिक जबाबदाऱ्या आहेत. आमचे सहा किलो त्यापासून पुष्कळ दूर आहेत. तात्यांना हे वाचून दाखवले तेव्हा “घातक म्हणजे आपल्या घरात काय असणार?” असे ते म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनीच मान डोलावली.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

ही नोंद लिहिताना अजून संकोच वाटतो.

सकाळी ट्रॉली घेऊन मीच गेलो होतो. सुक्याची गोणी ओतल्यावर ताईंनी हात थांबवला, उजवा हातमोजा काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “दादा, हे तुमच्याच गोणीतून आलंय.” अंगठ्याच्या बोटाशी रबरात इन्सुलिनच्या पेनाची सुई रुतलेली होती, जेमतेम चार मिलिमीटरची, केसासारखी, उजेडात तिरपी धरल्यावरच दिसेल अशी. टोक आतल्या कापडापर्यंत आले होते, कातडीपर्यंत नव्हते. त्यांनी अंगठा दोनदा दाबून पाहिला, रक्त आले नाही. “जाड मोजा होता म्हणून वाचले, कालचा पातळ होता,” एवढेच त्या म्हणाल्या आणि पुढच्या घराचा डबा घेतला.

सुई तात्यांची होती. ते दिवसातून दोनदा इन्सुलिन घेतात आणि वापरलेली सुई कागदाच्या पुडीत गुंडाळून सुक्यात टाकतात. आपण काळजी घेतो अशीच त्यांची समजूत होती, आणि खरे सांगायचे तर आमचीही. नियमांतील घरगुती घातक कचऱ्याच्या व्याख्येत वापरलेल्या सुया व सिरिंज, मुदत संपलेली औषधे, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, सीएफएल दिवे आणि फुटलेले पाऱ्याचे तापमापक ही नावे स्पष्ट लिहिलेली आहेत. पाचच दिवसांपूर्वी मी तीच पाने मोठ्याने वाचली होती, पण ती यादी गाळून पुढे गेलो होतो.

२५ फेब्रुवारी, रविवार

फिनाइलची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली धुऊन, वाळवून, तिच्यावर लाल शाईने ‘सुया’ असे लिहून तात्यांच्या पलंगाजवळ ठेवली. सुई टोपणात परत घालण्याच्या प्रयत्नात बोटाला टोचण्याची शक्यता असते, म्हणून ती पेनावरून काढून थेट बाटलीत टाकायची. बाटली पाऊण भरली की झाकणावर चिकटपट्टी गुंडाळायची आणि ती गोणीत न टाकता, आत काय आहे ते सांगून, हातात द्यायची. ब्लेड आणि औषधांच्या काचेच्या कुप्या यांच्यासाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला आहे. फुटलेली काच पुठ्ठ्यात बांधून वर ‘काच’ असे लिहायचे ठरले. जुने सेल, दोन ट्यूबलाइट आणि एक मोबाइलची फुगलेली बॅटरी वेगळ्या खोक्यात जमा केली. एवढे सगळे घरात होते, याची कोणालाच कल्पना नव्हती.

काल सकाळी तात्या काठी टेकत स्वतः चौकापर्यंत गेले होते. ताईंशी काय बोलले ते त्यांनी सांगितले नाही. घरी आल्यावर मात्र बाटलीचे झाकण घट्ट बसते की नाही हे त्यांनी तीनदा पाहिले.

३ मार्च, रविवार

ट्रॉली कोणी न्यायची, यावर सव्वा तास वाद झाला. बिऱ्हाडामागे एक आठवडा, असा पहिला प्रस्ताव होता. मला तो पटला नाही. आमच्या वाड्यात ‘कोणीतरी नेईल’ याचा अर्थ ‘वहिनी नेतील’ असा होतो, आणि बिऱ्हाडावर पाळी टाकली की ती त्या बिऱ्हाडातल्या स्वयंपाकघरावर जाऊन पडते, कारण सकाळी आठला चुलीपाशी असलेले माणूस हमखास घरात असते. म्हणून पाळी माणसांवर आणि वारांवर लावली, आणि सकाळचा स्वयंपाक करणाऱ्यांना तीतून वगळले. सोमवार आणि गुरुवार चुलतभाऊ, मंगळवार मागच्या सोप्यातले भाडेकरू, बुधवार आणि शनिवार कॉलेजला जाणारा पुतण्या, शुक्रवार धाकटे काका, रविवार मी. प्रत्येक वारापुढे एक बदली नाव लिहिले आहे. पाळी चुकवायची असल्यास बदलीला आदल्या रात्री सांगायचे. तक्ता दिंडीच्या आतल्या बाजूला डकवला. चुलतभावाने ‘सही’चा रकाना असावा असा आग्रह धरला, परंतु कारखान्यातल्या अनुभवावरून सांगतो, सह्या कामापेक्षा लवकर नियमित होतात. तो रकाना ठेवलेला नाही.

१० मार्च, रविवार

शुक्रवारी महाशिवरात्र झाली. बेल, झेंडूचे हार आणि फुले मिळून अडीच किलो निर्माल्य निघाले. गोदावरी इथून चालत दहा मिनिटांवर असल्याने ते ‘गंगेवर सोडून येण्याची’ मोठ्या काकूंची जुनी रीत आहे. या वेळी ते परसातल्या तुळशीच्या मातीत जाईल असे म्हटल्यावर त्यांनी थोडा विचार करून होकार दिला. अट एकच, की त्यात उष्टे मिसळायचे नाही.

त्यासाठी परसात १०० लिटरचे दोन पिंप बसवले. सगळा ओला कचरा घरी जिरवायचा असा उद्देश नाही; शिजलेले अन्न गाडीलाच जाईल. पिंपात फक्त भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा आणि निर्माल्य जाईल. गाडी चुकली किंवा सणावारी कचरा वाढला, तर एक-दोन दिवस धरून ठेवायला वाड्यात जागा हवी, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे.

१९ मार्च, मंगळवार

पिंप बिघडले. झाकण काढताच नासक्या अंड्यासारखा वास आला, तळाशी काळे पाणी साचलेले होते आणि वरच्या थरात करड्या, चपट्या अळ्यांची वळवळ होती. मागच्या सोप्यातल्या वहिनींनी खिडकी लावून घेतली आणि पुतण्याने हा प्रकल्प गुंडाळावा असे मत दिले.

चूक माझी होती. वाळलेला पाला मिळेना म्हणून मी नुसत्या साली आणि देठे भरत गेलो, आणि पिंपाच्या बाजूची भोके कोबीच्या पानांनी बुजली. हवा नाही आणि पाणी जास्त, म्हणजे कुजणे नव्हे, सडणे. कंपोस्टसाठी कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० भागांस एक असावे लागते. भाजीच्या कचऱ्यात नत्र आणि पाणी भरपूर, कर्ब कमी. लाकडाच्या वखारीतून सागाचा दोन पोती भुसा आणला. प्लायवुड कापलेला भुसा त्यातल्या गोंदामुळे टाळला. पिंप पूर्ण उपसून गच्चीवर पसरवले, भुसा मिसळला, भोके सळईने मोकळी केली आणि आंबट ताक शिंपडून पुन्हा भरले. यापुढे दोन वाट्या ओल्यावर एक वाटी भुसा आणि दर चौथ्या दिवशी ढवळणे. ओलावा पाहण्याची सोपी रीत म्हणजे मूठभर माल घट्ट पिळायचा. बोटांच्या फटींत एखाद-दुसरा थेंब दिसावा, धार लागू नये.

अळ्या मात्र काढल्या नाहीत. त्या काळ्या सैनिक माशीच्या आहेत. ही माशी अन्नावर घोंघावत नाही आणि तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्याने फस्त करतात. हे वहिनींना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, परंतु खिडकी उघडली नाही.

३१ मार्च, रविवार

काल रंगपंचमी होती. तिवंध्याची रहाड, म्हणजे पेशवेकालीन दगडी हौद, वर्षातून या एका दिवसासाठी उघडतात, त्यामुळे पंचक्रोशीतले नातेवाईक आमच्याकडे जमतात. जेवायला एकेचाळीस पाने होती. चौकात तयारी चालू असल्याने गाडी अलीकडच्या वळणावर थांबली. गुरुजींची घंटा नेहमीच्याच वेळी वाजली, पण पुतण्या चौकात वाट पाहत उभा राहिला आणि गाडी गेली. एका दिवसात १४ किलो ओला कचरा निघाला. त्यातला सालपटांचा भाग पिंपाने घेतला, उरलेले नऊ किलो झाकणाच्या दोन बादल्यांत दिंडीच्या आत रात्रभर राहिले आणि आज सकाळी गाडीत गेले. कडीला पिशवी अडकवली गेली नाही. वास नव्हता. वहिनींची खिडकी उघडी होती.

१४ एप्रिल, रविवार

मोजणीचा दुसरा आठवडा पूर्ण झाला. गाडीला जाणारा ओला कचरा १९ किलोंवर आला आहे. सुक्यातून रद्दी, पुठ्ठा, बाटल्या आणि पत्रा वेगळा करून महिन्यातून एकदा भंगारवाल्याला दिला. त्याचे २१४ रुपये मिळाले, ते भुशाला लागले. दुधाच्या पिशव्या कोपरा कापताना तुकडा वेगळा न पाडता, धुऊन, वाळवून दिल्या तरच तो घेतो. चिप्स आणि बिस्किटांची चकचकीत वेष्टने तो कोणत्याही भावात घेत नाही, कारण त्यांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ती गाडीलाच जातात, आणि आमच्या गोणीत आता सर्वांत जास्त जागा त्यांनीच व्यापलेली आहे.

१२ मे, रविवार

परवा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. सगळ्या घरांत आमरस होता. आंब्याच्या साली पिंपात चटकन जिरतात, परंतु कोयी महिनोन्‌महिने तशाच राहतात. त्या उन्हात वाळवून गाडीला द्यायच्या, असा बदल तक्त्यात केला.

१९ मे, रविवार

पहिल्या पिंपातला माल चाळणीने चाळला. साडेअकरा किलो खत निघाले. रंग काळसर, वास पहिल्या पावसात भिजलेल्या मातीचा. अर्धे मोठ्या काकूंच्या तुळशीला, एक पिशवी शेजारच्या आजींच्या कुंड्यांना दिले. चाळणीवर राहिलेल्या काड्या आणि दोन चमचे परत पिंपात, म्हणजे काड्या पिंपात आणि चमचे स्वयंपाकघरात गेले.

तात्यांची बाटली अजून निम्मीही भरलेली नाही. मागच्या सोप्यातले भाडेकरू महिनाअखेरीस पाथर्डी फाट्याकडे नव्या घरात जाणार असल्याने मंगळवारची पाळी रिकामी होईल. काल जागा पाहायला एक जोडपे आले होते. भाड्याचे बोलणे निघण्याआधी गुरुजींनी त्यांना माडीवर नेऊन सुतळी दाखवली.